तुराटी, कुटार, चुना : फूटभर कुडावर अजिंठ्याची रीत

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचं वाशिम ही राजधानी होती. नगराचं नाव वत्सगुल्म, घराणं वाकाटकांचं, राजा हरिषेण. या हरिषेणाचा सचिव वराहदेव याने वाघूर नदीच्या कड्यात भिक्षूंसाठी एक विहार कोरवून घेतला आणि त्याच्या बाहेर शिलालेख लिहवून ठेवला. तो विहार म्हणजे अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं. अजिंठ्याची जी चित्रं पाहायला जगभरातून माणसं येतात, त्यांतली बहुतेक याच काळातली आहेत. वाशिमपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर ती रंगत होती, तेव्हा राज्याचा कारभार वाशिमहून चालत होता.

आता त्या चित्रांच्या खाली काय आहे ते पाहा. आधी छिन्नीने खडबडीत सोडलेला कातळ. त्यावर लोहयुक्त मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवत आणि झाडांचे तंतू. त्यावर पांढऱ्याचा पातळ हात. त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि निळा. आणि हे सगळं बांधणारं सरसासारखं चिकट द्रव्य. राजाच्या खजिन्याची गरज पडावी अशी या यादीत एकच वस्तू आहे, ती म्हणजे निळा रंग. बाकी बहुतेक सगळं वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या, मालेगावच्या, मानोऱ्याच्या कुठल्याही खेड्यात अंगणापासून किराणा दुकानापर्यंतच्या अंतरात आजही मिळतं. आणि पुढे दिसेल की तो निळासुद्धा मिळतो.

घरातल्या भिंतीवर लावायला स्वतःच्या हाताने, शंभर-दोनशे रुपयांत काहीतरी सुंदर करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी यापेक्षा मोठं आमंत्रण मला ठाऊक नाही. आपण चित्र म्हणजे रंग समजतो. पण रंगाचा थर अगदी पातळ असतो, तो एकटा कुठेच उभा राहू शकत नाही. त्याला चुना धरतो, चुन्याला माती धरते, मातीला काडी धरते. भिंतीवरच्या प्रत्येक चित्रात ही धरून ठेवण्याची साखळी असते, आणि ती समजली की महाग कॅनव्हासची वाट पाहावी लागत नाही. म्हणून या लेखात आपण फूटभर लांबीरुंदीचा एक छोटा कुड, म्हणजे काड्यांवर माती लिंपलेली भिंत, बांधणार आहोत. बांधता बांधता प्रत्येक थर काय काम करतो तेही पाहू.

राजधानीतली खोली

घराच्या खोलीत चित्राला जागा असावी ही कल्पना इथे नवी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात नगरात राहणाऱ्या रसिक माणसाच्या शयनगृहाचं वर्णन आहे. तिथे खुंटीला वीणा टांगलेली असावी, चित्र काढायचा फलक असावा, कुंचल्यांची डबी असावी, एखादं पुस्तक असावं, फुलांच्या माळा असाव्यात. चित्र काढायचं सामान हाताशी असणं हा घर सजवण्याचाच भाग मानला होता. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने काव्यमीमांसेत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, तेही याच वत्सगुल्म नगरात. ज्या गावाच्या वाट्याला ही कथा आली, त्या गावातल्या माणसाने हातात कुंचला घ्यायला संकोच करू नये.

ताटी : फटी हव्यातच

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या पट्ट्यांमध्ये तुरीचं तास असतं. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे निघतं, तूर पौष-माघापर्यंत उभी राहते. मळणी झाली की तुराट्यांच्या पेंढ्या धुऱ्यावर रचल्या जातात. काही चुलीत जातात, काही कुंपणाला, आणि ज्यांच्याकडे अजून कुडाचं घर किंवा गोठा आहे तिथे काही भिंतीला. कापसाच्या पऱ्हाट्याही चालतात, पण तुराटी सरळ असते म्हणून छोट्या कामाला ती बरी.

बोटाएवढ्या जाडीच्या, खडखडीत वाळलेल्या, कीड न लागलेल्या पंधरा-सोळा तुराट्या घ्या आणि फूट-फूट लांबीच्या कापा. त्या शेजारी शेजारी उभ्या मांडा. मागून तीन आडव्या बांबूच्या कामट्या लावा आणि प्रत्येक तुराटी सुतळीने आवळून बांधा. ही झाली ताटी. बांधताना दोन तुराट्यांमध्ये पेन्सिल जाईल न जाईल एवढी फट मुद्दाम ठेवा.

ही फट म्हणजे या कामाची पहिली युक्ती. ओली माती समोरून दाबली की ती फटीतून मागे जाते आणि मागच्या बाजूला पसरते. वाळल्यावर प्रत्येक फटीत मातीची एक गाठ अडकून बसते. मग तो गिलावा काडीला नुसता चिकटलेला राहत नाही, तो काडीत गुंतलेला असतो. अजिंठ्याच्या कारागिरांसमोर काडी नव्हती, अखंड बेसॉल्ट होता. म्हणून त्यांनी कातळ गुळगुळीत केला नाही, छिन्नीचे घाव तसेच राहू दिले, म्हणजे मातीला धरायला जागा मिळाली. कुड बांधणाऱ्या बाईने ठेवलेली फट आणि लेणं खोदणाऱ्याने सोडलेला घाव ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत.

गिलावा : तडे कोण थांबवतं?

वऱ्हाडातली काळी माती कापसाला आणि सोयाबीनला वरदान आहे, भिंतीला नाही. तिच्यातली चिकणमाती अतिशय पातळ पापुद्र्यांची बनलेली असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तोच प्रकार फूटभर ताटीवर झाला तर गिलावा वाळता वाळता तुकड्या-तुकड्यांनी खाली येईल. म्हणून जुन्या घरांच्या भिंतींना गावठाणातली पांढरी माती वापरत. ती मिळाली नाही आणि काळीच हाताशी असेल, तर तिच्यात तितकीच बारीक वाळू मिसळा. वाळूचे कण फुगत नाहीत, आक्रसत नाहीत, ते मातीला जागच्या जागी रोखतात.

आपली माती कशी आहे हे पाहायची सोपी परीक्षा आहे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी घाला, खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती एखाद दिवस पाणी गढूळ ठेवून मग सर्वांत वर बसते. बाटलीतले तीन पट्टे पाहिले की वाळू किती घालायची याचा अंदाज येतो. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर करू द्या. पायाखालची माती एकच वस्तू नाही, हे त्या पट्ट्यांत डोळ्यांना दिसतं.

फूटभर ताटीसाठी सहा वाट्या चाळलेली माती, दोन वाट्या ताजं शेण आणि दोन मुठी कुटार पुरतं. सोयाबीनचं कुटार राठ असतं, ते हाताने चुरडून घ्या. गव्हाचं असेल तर उत्तम. सगळं पाणी घालून भाकरीच्या पिठापेक्षा थोडं सैल कालवा, झाका आणि तीन-चार दिवस रोज तुडवत ठेवा. या दिवसांत काडी मऊ पडते, मिश्रण चिकट होतं आणि हाताखाली ओढल्यासारखं लागतं.

कुटाराचं काम काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. वाळताना ती आक्रसते तेव्हा तिच्यात ताण निर्माण होतो आणि जिथे ती कमजोर असते तिथे एक मोठा तडा जातो. काडीचे तुकडे तो ताण आपल्या अंगावर घेतात आणि आजूबाजूला वाटून टाकतात. एका मोठ्या तड्याऐवजी केसाएवढ्या बारीक शेकडो रेघा उमटतात, आणि त्या वरच्या हाताने बुजतात. सिमेंटमध्ये लोखंडी सळया घालतात त्यामागचा विचारही हाच आहे. शेणात गाईने न पचवलेले आणखी बारीक तंतू असतात. जिथे कुटाराची काडी पोचत नाही तिथे ते पोचतात.

तंतू निवडणंसुद्धा शास्त्र आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचं नोंदवलं गेलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथल्या गिलाव्याचं किड्यांनी बरंच नुकसान केलेलं आहे. म्हणजे नंतरच्या कारागिरांनी मातीत काय मिसळायचं यात सुधारणा केली असावी. आपल्या घरच्या कुडासाठी कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी माती कालवायला वापरा. तो आपल्याकडचा जुना, हाताशी असलेला उपाय आहे.

पहिला थर बोटाच्या पेराएवढा जाड, जोराने दाबून लावा, म्हणजे फटींतून माती मागे जाईल. वरून बोटांनी ओरखडे काढा. पुढच्या थराला ते धरतील. ताटी सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर वरचा भाग आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत गिलावा फाटतो. पहिला थर वाळला की पाणी शिंपडून दुसरा पातळ थर द्या. त्यासाठी माती कापडातून गाळा, शेण जास्त घ्या आणि कुटार घालू नका. हा थर तळहाताने फिरवत फिरवत गुळगुळीत करा. ओल थोडी उरली असताना नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासलात तर त्यावर मंद चकाकी येते. त्या चकाकीत रंगाचं नावही नसतं, ती नुसत्या मातीची असते.

चुना : दगड पुन्हा दगड होतो

आता पांढरा हात. चुन्याची गोष्ट मला रसायनशास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत गमावलेलं ते भिंतीवर परत मिळवतो. घराला चुना लावणारा प्रत्येक माणूस खरं तर हवेतून दगडाचा थर पाडत असतो.

घरी कळीचा चुना विरवायच्या भानगडीत पडू नका. तो भाजतो आणि डोळ्यांत गेला तर फार वाईट. विरलेला चुना विकत मिळतो, तो गाळून ताकाएवढा पातळ करा. हातात मोजे घाला, लहान मुलांना दूर ठेवा. गिलाव्यावर पाणी शिंपडून पहिला हात द्या, वाळू द्या, मग दुसरा, मग तिसरा. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. तीन पातळ हात मात्र एकमेकांना धरून बसतात. कुंचला नसेल तर जुन्या सुती कापडाचं पोतेरं उत्तम काम करतं.

इथे एक फाटा फुटतो. इटलीत चुना ओला असतानाच त्यावर रंग भरण्याची पद्धत होती. रंगाचे कण चुन्याबरोबरच दगड होऊन बसतात, पण चित्रकाराला चुना वाळायच्या आत घाई करावी लागते. अजिंठ्याची पद्धत वेगळी आहे. तिथे पांढरा हात वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. त्यामुळे चित्रकाराला वेळ मिळाला, पुसता आलं, बदलता आलं, एकावर एक छटा देता आल्या. आपल्यासारख्या नवशिक्यांना हीच पद्धत सोयीची. चुन्याला आठ-पंधरा दिवस हवेत राहू द्या, मग रंग हातात घ्या.

पाच रंग, पाच चमत्कार

गेरू आणि पिवडी, म्हणजे पिवळी माती, यांपासून सुरुवात करू, कारण ही दोन भावंडं आहेत. दोन्ही लोहाच्या गंजाची रूपं. पिवळ्या मातीतल्या लोहाच्या खनिजात पाणी बांधलेलं असतं, गेरूत नसतं. म्हणून अस्सल पिवळी माती जुन्या लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर परतत राहिली की डोळ्यांसमोर नारिंगी होते आणि मग तांबडी. तापमान तीनशे अंशांच्या आसपास जातं तेव्हा बांधलेलं पाणी निघून जातं आणि पिवडीचा गेरू होतो. एका पुडीतून पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत चार-पाच छटा काढता येतात. खिडकी उघडी ठेवा, आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.

काळा रंग दिव्यातून येतो. एरंडेलाच्या किंवा तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली धरली की काजळी जमते. ती जवळजवळ शुद्ध कार्बन असल्यामुळे उन्हाने उडत नाही. पाण्यात मात्र ती मिसळायला तयार नसते, वर तरंगते. आधी डिंकाच्या घट्ट पाण्याच्या दोन थेंबांत बोटाने रगडून घेतली की मग पाणी स्वीकारते.

आता तो निळा, ज्याला खजिना लागत होता. अजिंठ्यातला निळा लाजवर्द या रत्नासारख्या दगडाचा आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. पर्वत ओलांडून तो सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पोचला. युरोपातही तो इतका महाग होता की १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योगसंस्थेने तो कृत्रिमरीत्या करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. १८२८ मध्ये झाँ बाप्तिस्त गिमे याला ते मिळालं. चिनीमाती, सोडा, कोळसा आणि गंधक यांपासून लाजवर्दाचा निळा तयार होऊ लागला. पांढऱ्या धोतरा-सदऱ्यांना देण्यासाठी घरोघर आलेली जुन्या धाटणीची पावडर नीळ ती हीच. हरिषेणाच्या चित्रकारांना ज्यासाठी बदख्शानची वाट पाहावी लागली, तो रंग आपल्या किराणा दुकानात पुडीत मिळतो! चुन्यात चिमूटभर नीळ घालून घर निळसर पोतारणाऱ्या बायांनी तो भिंतीवर नेलाही आहे. चुन्यात तो टिकतो, आम्लात मात्र मरतो. चिमूटभर निळीवर लिंबाचा रस टाकून ठेवा. खनिज नीळ असेल तर निळेपणा विरत जाईल आणि कुजक्या अंड्याचा वास येईल. तो आत कोंडलेल्या गंधकाचा वास. बाटलीतली पातळ नीळ वेगळ्या रंगद्रव्याची असते, ती चित्राला घेऊ नका.

पांढरा रंग चुन्याचा किंवा खडूचा. हिरवा अजिंठ्यात एका हिरव्या मातीतून आला आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत अशी हिरवी माती सापडते. आपण पिवडीत नीळ मिसळून काम भागवू.

हळदीचा मोह मात्र टाळा. शेजारच्या हिंगोलीतलं वसमत हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडेही ती पिकते, पण भिंतीवर ती दगा देते. उन्हात फिकी पडते आणि चुन्यावर लावताच लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीत चुन्यासारखा क्षार घालूनच तयार होतं, तीच ही क्रिया. पाहायला ती विलक्षण आहे, म्हणून एखाद्या कोपऱ्यात करून जरूर पाहा, पण चित्र तिच्या भरवशावर ठेवू नका.

हे रंग चुन्याला धरून राहावेत म्हणून बाभळीचा डिंक. एक चमचा डिंक चार चमचे पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि रंग त्यात खलून घ्या. प्रमाण बरोबर आहे का ते वाळल्यावर बोट फिरवून कळतं. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी. रंग चकाकू लागला आणि टवके निघाले तर डिंक जास्त. डिंक नसेल तर चिंचोक्यांची खळ चालते. धनगर मंडळी घोंगडीला कडकपणा आणायला हीच खळ देतात.

रेघ : चार हरणं, एक डोकं

काय काढायचं? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या शीर्षावर चार हरणं कोरलेली आहेत. चौघांचे देह वेगळे, डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे पाहिलं की ते डोकं त्याचंच वाटतं. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांसाठी राखलेलं आहे. नर काळविटाची पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगं पीळ घातलेली. मादी आणि पाडस मातकट तांबूस. चुना, काजळी आणि गेरू एवढ्या तिघांतच हा प्राणी पूर्ण उभा राहतो. चार काळविटांना एक डोकं द्यायचा खेळ फूटभर कुडावर मांडून पाहा. देह कसे वळवायचे, मान कुठून यायची, या विचारात रात्र निघून जाईल, आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने हेच कोडं कसं सोडवलं हे हाताला कळेल.

क्रमही अजिंठ्याचाच घ्या. तिथे आधी गेरूने रूपरेषा काढत, मग रंग भरत, आणि शेवटी गडद रेघेने आकार पक्का करत. चूक झाली तर वाळलेल्या चुन्यावरची गेरूची रेघ ओल्या फडक्याने निघते. कुंचला विकत घ्यायचा नसेल तर खजुराच्या किंवा बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेला चालतो. मोठा आकार काढा. फूटभर जागेत दहा गोष्टी कोंबण्यापेक्षा एक काळवीट, एक पोळ्याचा सजवलेला बैल किंवा शेंगांनी लगडलेली तुरीची एक फांदी जास्त बोलते.

टांगणं आणि टिकवणं

असा कुड वजनाने अडीच-तीन किलोपर्यंत जातो. तो सुतळीच्या फासावर टांगू नका. मागच्या वरच्या कामटीला दोन ठिकाणी तार बांधा आणि भिंतीत दोन खिळे घ्या. भिंत आणि कुड यांच्यात बोटभर जागा सोडा, म्हणजे पावसाळ्यात हवा खेळती राहील. माती हवेतली ओल घेते आणि परत देते, त्याने तिचं काही बिघडत नाही. मात्र गळणारं पाणी किंवा ओल आलेली भिंत यांपासून तिला दूर ठेवा.

आणि वॉर्निश लावू नका. साधारण १९२० च्या सुमारास निजामाच्या राज्यात अजिंठ्याच्या दुरुस्तीसाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी सुटू लागलेले गिलावे सांभाळले, पण चित्रांवर लाखेचं वॉर्निशही चढलं. पुढे ते पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली आणि ते काढण्यात नंतरच्या संवर्धकांची वर्षं गेली. मातीच्या चित्राचा मंद, कोरडा पोत हेच त्याचं देखणेपण आहे. धूळ बसली तर मोराच्या पिसाने झटका.

माती जमत नसेल तर

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेण-माती कुठून मिळणार? त्यांच्यासाठी आपल्या घरातलीच दुसरी रीत आहे. रद्दी कागद दोन-तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायची, हे आपल्याकडच्या कितीतरी आज्यांनी केलं आहे. मेथीच्या दाण्यात भिजल्यावर बुळबुळीत होणारा डिंक असतो, तो कागदाचे तंतू बांधतो, आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लवकर लागत नाही अशी या आज्यांची खात्री. हाच लगदा जुन्या पुठ्ठ्यावर थापा, वाळवा, वर खडू आणि डिंकाचा पांढरा हात द्या. कुडापेक्षा कितीतरी हलका फलक तयार होतो. रंग आणि रेघ तीच.

कापड हातात घेणाऱ्यांनी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जावं. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंजारा बायांच्या फेटियावर, कांचळीवर जे आरसे लखलखतात, त्यांना भोक नसतं आणि गोंदही लावलेला नसतो. मग ते राहतात कसे? आधी आरशावरून दोन उभे आणि दोन आडवे धागे ताणून त्यांचा चौकोन करतात. मग सुई त्या धाग्यांखालून आणि कापडातून आळीपाळीने फिरते. प्रत्येक फेरीला चौकोनाचे धागे बाहेर ओढले जातात, चौकोनाचा गोल होतो आणि आरशाची कड धाग्याच्या कोंदणात आवळली जाते. त्यांच्या कामातल्या कवड्या तर समुद्रातल्या. एकेकाळी बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य देशभर वाहणाऱ्या समाजाच्या पोशाखावर समुद्राची खूण असणं स्वाभाविकच आहे. जुन्या लुगड्याचा वीतभर तुकडा, चार आरसे आणि रंगीत दोरा घेऊन हा टाका शिकला, तर भिंतीवर लावायला एक चौकट सहज होते. फक्त तो टाका शिकवणाऱ्या बाईला तिच्या कलेचं मोल द्या.

हे आत्ताच का

कुडाची घरं वेगाने जात आहेत, आणि ते योग्यही आहे. पक्कं, न गळणारं घर हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण घर बदलताना त्याबरोबर एक विद्याही पुसली जाते. माती किती दिवस भिजवायची, शेण किती घालायचं, कुठल्या बांधावरची माती तडकत नाही, चुन्याचा हात कधी द्यायचा, हे सगळं आज साठी-सत्तरीच्या पुढच्या बायांच्या हातांत आहे. पुस्तकात ते क्वचितच आहे. त्यांनी आयुष्यभर सणासुदीला भिंती लिंपल्या, पोतारल्या, नागपंचमीला नाग रेखाटले, गौरींची पावलं उमटवली. याला कुणी कला म्हटलं नाही, म्हणून त्यांनीही म्हटलं नाही.

अजिंठ्याच्या चित्रकारांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, सचिवाचं ठाऊक आहे. आपल्या घरात तसं होऊ देऊ नका. यंदा तूर निघाली की धुऱ्यावरून पंधरा-सोळा तुराट्या उचलून आणा, ताटी बांधा आणि पहिला गिलावा घरातल्या किंवा शेजारच्या आजीला लावायला सांगा. तिचा हात कुठे दाब देतो, कुठे सैल पडतो, पाणी किती शिंपडतो ते पाहा, विचारा, वहीत लिहून घ्या. मुलांना माती तुडवू द्या. चित्र पूर्ण झालं की मागच्या बाजूला काजळीने सगळ्यांची नावं लिहा, आणि आजीचं नाव सर्वांत आधी.